दोन हिसके

माझा नवरा खोटं बोलत नाही, असं देवबागेत कुणालाही विचारा, सांगतील. ते खरंच आहे. पण माणसाला नुसत्या श्वासानेही खोटं बोलता येतं, हे गावाला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, आणि डोंगरावर तीन दिवस मी त्यावर हसत होते.

तोंडावर मी त्याला तुमी म्हणते. इथे तो म्हणणार आहे. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर कागदावर तरी एवढी मुभा असावी.

तो पाणबुड्या. कुणाचं जाळं खडकात अडकलं, कुणाच्या होडीचा नांगर कपारीत रुतला, की त्याला बोलावणं यायचं. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही, नुसत्या दमावर खाली जायचा. कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात. लग्नानंतर बरीच वर्षं ते टोक माझ्या हातात होतं. खुणा दोनच. एक हिसका म्हणजे दोरी सैल सोड. दोन हिसके म्हणजे वर काढ. पहिल्याच दिवशी त्याने मला बजावलं होतं, "हिसक्याची वाट बघीत बसा नुको. वर कधी काढूचा ता होडीतल्यान ठरवूचा. खालच्याक सगळा बराच दिसता."

शिकवायला शहाणा, पण दोन हिसके त्याने मला कधीच दिले नाहीत. एकदाही नाही. दर वेळी मी मनात आकडे मोजत बसायची, मग जीव राहायचा नाही, ओढायची, आणि वर आल्यावर चार माणसांत शिव्या खायची. "आजून अर्दो दम होतो माझ्याकडे!" हे ठरलेलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या कानाचा पडदा गेला. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याखाली जाणं बंद. गावातली तरणी पोरं आता हे काम करतात, ती मानाने बोलवायला आली, काका, होडीत बसा, आमची दोरी धरा. तो त्यांच्यावरच उखडला. "होडीत बसाक माका म्हातारो समाजलास काय रे?" तेव्हापासून तो आमच्या पडवीत बसायचा. आमच्याकडे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. आलेल्या पाहुण्यांना माशांची नावं विचारायला लावायचा आणि त्यांनी विचारली की वैतागायचा. तीन वर्षं घरात एक चिडलेला माणूस बसवून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

त्या चार खोल्यांपैकी एकीत उतरलेला एक पाहुणा म्हणजे आमचा पुढचा लीडर. मूळ वैभववाडीचा, तिशीतला, डोंगर चढायचं रीतसर शिक्षण घेतलेला. हिमालयात माणसांना घेऊन जाणं हाच त्याचा धंदा. जेवताना सहज म्हणाला, "काकानु, डोंगरार कानाचा काय काम नाय. थय दम व्हयो."

बस्स. ते वाक्य नवऱ्याने गळाला लागल्यासारखं गिळलं. जूनमध्ये समुद्र बंद, पर्यटक बंद, आम्ही निघणार असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. मी का गेले? मला डोंगराची हौस नव्हती. पण तीन वर्षांनी तो पहाटे उठून पाठीवर वाळूने भरलेली पिशवी घेऊन देवबागेपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्याने चालत होता आणि परत येऊन दोन भाकऱ्या जास्त खात होता. त्या माणसाला एकटं सोडवलं नाही मला. मग मीही वाळूची पिशवी घेतली. गाव हसला, हसू दे.

मनालीच्या वरचं शिखर, सतरा हजार फुटांचं. सहा दिवस. आम्ही दोघं आणि पुण्याकडची दहा माणसं, सगळी आमच्याहून लहान, शिवाय लीडर आणि त्याचा एक जोडीदार. पहिल्या मुक्कामावर नवऱ्याने घरून नेलेला नारळ काढला, पागोट्याच्या जागी लोकरीची टोपी, आणि दगडासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज जी काय ही लेकरां तुझ्या दारात इली हत, त्येंका राजीखुशीन वर ने आणि राजीखुशीन खाली हाड." लीडरने पुणेकरांना शिकवून ठेवलं होतं, सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" नवरा त्या दिवशी इतका खूश होता की मला वाटलं, एवढ्यावरच परत फिरलो तरी चालेल.

रोज संध्याकाळी लीडर सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचा. रक्तात प्राणवायू किती, त्याचा आकडा त्यावर येतो. आकडा फार खाली गेला की त्या माणसाला वर नेत नाहीत, खाली पाठवतात. या एका नियमावर त्याची कसली सूट नव्हती.

दुसऱ्या मुक्कामावर, रांग लागायच्या आधी, मला नवरा दिसेना. बघते तर मोठ्या धोंड्यामागे उभा. डोळे मिटलेले, पोटातून तीन लांब श्वास, मग खांदे न हलवता भराभर दहा-बारा छोटे, मग परत एक लांब. ते मी हजार वेळा पाहिलं होतं, होडीच्या कडेवर. पाण्यात उडी मारण्याआधी पाणबुडे दम भरतात तो हा असा. मी हसायलाच लागले. तो डोळा मिचकावून रांगेत आला आणि त्याचा आकडा सगळ्यांत वर. पुणेकर म्हणाले, काकांना कल्ले आहेत. तो मान हलवत राहिला, जणू विशेष काही नाही.

तिसऱ्या दिवशी तर मी त्याला मदत केली. तो धोंड्यामागे असताना मीच लीडरला गप्पांत गुंतवून ठेवलं, तुझी आई कशी आहे, वैभववाडीत आंबा कसा झाला यंदा. आणि माझा आकडा जरा कमी येतोय म्हटल्यावर नवऱ्याने मलाही ते श्वास शिकवले. माझाही आकडा टुणकन वर. आम्ही तंबूत शिरून दोन पोरांसारखे हसलो. किती वर्षांनी हसलो एकत्र, ते सांगत नाही.

मी हे लपवून लिहू शकले असते. पण चूक त्याची एकट्याची नव्हती, निम्मी माझी होती. जास्तच, कारण मी होडीत होते.

चौथ्या दिवशी आम्ही साडेतेरा हजारांवर पोचलो. सगळीकडे बर्फ, आणि तंबूंच्या जागेपुरते दगड. पाचवा दिवस सरावाचा, आणि त्याच रात्री एक वाजता शिखराकडे निघायचं. चार वाजता शेवटची तपासणी, सहाला जेवण, मग झोप, असं लीडरने सकाळीच सांगितलं.

सकाळी बर्फावर चालायचा सराव झाला. नवरा मागे राहिला. विचारलं तर म्हणाला, सगळ्यांचे फोटो बघत होतो. दुपारी जेवताना मी डबा उघडला. घरची सुक्या जवळ्याची चटणी. गरम भातावर ती घातली की हा माणूस तापात असला तरी उठून बसतो. त्याने ताट बाजूला सारलं. "भूक नाय." मी चटणीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. ओठ जांभळट. थंडीने असतील, म्हटलं. आदल्या रात्री तो आडवा झाला नव्हता, बॅगेला टेकून बसून राहिला होता, हेही आठवलं. आणि दोन दिवसांपासून लागलेली खोकल्याची ढास.

मग दोन वाजता मी तंबूत शिरले तर तो बुटाचे बंद बांधत होता. बांधत होता म्हणजे, दोन टोकं हातात घेऊन बसला होता. एक टोक दुसऱ्यावर टाकायचा, थांबायचा, परत सोडवायचा. पहिल्यापासून. परत थांबायचा. मी तिथेच गुडघ्यावर बसले. या माणसाने काळोख्या पाण्यात, डोळे मिटून, दम संपत आलेला असताना नांगराच्या गाठी सोडवल्या आहेत आणि मारल्या आहेत. त्याला बुटाची गाठ येत नव्हती.

"बोटां बधिर झालीत," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"हातमोजे आत्ता काढलास मां तुमी? हात गरम आसत तुमचे." मी त्याचा हात धरून पाहिला होता. "डोकां दुखता?"

"नाय."

"माझ्याकडे बघा आणि सांगा."

त्याने बघितलं. डोळे लाल. बसल्या जागी त्याची छाती धापा टाकत होती, बसल्या जागी! मला भीती वाटली आणि त्या भीतीने मी चिडले. माझं असंच आहे, घाबरले की मी भांडते. मी उठले. "सांगतंय मी तेका."

त्याने माझं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता, तेच जास्त वाईट. "कोणाक सांगलंस तर माझी शपत आसा तुका. एक रात. एकच रात गो. वर जावन येवया, मग काय ता कर." आणि मग, मी कधी ऐकली नव्हती अशा आवाजात, "तीन वर्सां पडवीत बसलंय मी."

मी बाहेर आले. ऊन होतं, पुणेकर पत्ते खेळत होते. चारला अजून दोन तास. मी दगडावर बसले. शपथ मोडली तर ती त्याच्यावर, आमच्याकडे असंच मानतात, आणि मीही मानते, शिकलेली असले तरी. न मोडली तर रात्री एक वाजता हा माणूस अजून साडेतीन हजार फूट वर निघणार, बुटाची गाठ मला बांधायला लावून. लीडरला काही दिसणार नाही. त्याला आकडा दिसणार, आणि आकडा सगळ्यांत वर असणार. ती युक्ती ओळखणारं माणूस त्या डोंगरावर एकच होतं.

कदाचित उगाच घाबरतेय मी, असंही वाटलं. होडीत दर वेळी असंच व्हायचं ना. दर वेळी मी लवकर ओढायची. दर वेळी त्याच्याकडे अर्धा दम शिल्लक असायचा. माझ्या घाबरटपणाने मी त्याच्या आयुष्यातली शेवटची चांगली गोष्ट हिरावून घेतली तर? हे खरंच वाटलं मला. मी तंबूत डोकावले. तो बसल्या बसल्या झोपला होता, श्वास घेताना घशात काहीतरी बुडबुडत होतं. बूट तसेच उघडे.

चार वाजता शिट्टी झाली. तो तंबूतून निघाला, मला वाटलं पडेल, पण निघाला, आणि सरळ तंबूंमागच्या एका धोंड्याकडे गेला. तीन लांब. मग भराभर. त्यातही मध्येच ढास लागली, त्याने ती गिळली आणि परत सुरू केलं.

मी रांगेत उभीच राहिले नाही. लीडरच्या पुढ्यात गेले. "ह्यांचो आकडो खोटो आसा," मी म्हटलं. "माझोय खोटो. दम भरून येतत ते रांगेत. मी बघीत होतंय. मीच तुका बोलण्यात गुंतवून ठेवलंय." आणि मग बुटाचं सांगितलं.

लीडर मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा एकदम कोरडा झाला. त्याने नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, चिमटा बोटाला लावला. आकडा आला, नव्वद. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं.

"काकानु, आता दहा मिनिटां ह्या काढूचा नाय," लीडर म्हणाला. "आणि माझ्याशी बोलत रवा. देवबागच्या खाडीत आता काय गावता? जाळा कसला टाकतत?"

बोलताना दम भरता येत नाही. नवरा मालवणी माणूस, माशाचं विचारल्यावर गप्प बसवणार नाही, हे त्या वैभववाडीच्या पोराला बरोबर ठाऊक होतं. "शेवटा," नवरा म्हणाला. "काळुंदर." मग श्वास. "गुंजले." मग श्वास. आकडा सत्त्याऐंशी. एक्याऐंशी. रांग मोडून सगळे भोवती जमले होते. "कांडाळी..." हे जाळं. त्र्याहत्तर. नवरा पुढचं नाव शोधत होता, त्याला सापडत नव्हतं. सदुसष्ट. एकसष्ट. तिथे तो थांबला आणि परत वर आलाच नाही.

लीडरने त्याच्या पाठीला कान लावला. मग उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "काकानु, छातीत पाणी भराक लागला हा. आत्ताच्या आत्ता खाली जाऊचा."

"पाणी?" नवरा हसला. खरंच हसला. "हय पाणी खंयचा रे? पियाक सुदा बरफ वितळवचो लागता." आणि त्या हसण्यातून जो खोकला सुटला तो थांबेना. सगळा जन्म समुद्रात काढला, कधी थेंब आत जाऊ दिला नाही. खोकला थांबल्यावर रुमालाला गुलाबी फेस होता. तो त्याने माझ्यापासून लपवला नाही. माझ्याकडे बघितलंच नाही त्याने.

पंधरा मिनिटांत निघालो. लहान नळकांड्यातला प्राणवायू त्याच्या तोंडाला, एक गोळी जिभेखाली. उजेड साडेसातपर्यंत, त्याआधी अकरा हजारांवरचा तंबू गाठायचा. लीडरने शिखराची माणसं आपल्या जोडीदारावर सोपवली आणि स्वतः आमच्याबरोबर आला. बर्फाचा उतार होता, म्हणून नवऱ्याच्या कमरेला दोरी बांधली आणि लीडरने मागून ती धरली. मी बाजूने चालत होते.

दोन तास तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दर पाच-दहा पावलांना थांबायचा, काठीवर वाकायचा, मी हात पुढे केला की झटकायचा. मी आतून भांडत होते, त्याच्याशी, माझ्याशी, आणि ज्या देवाला नारळ दिला त्याच्याशीही. नळकांड्याचा काटा उतरत होता. लीडर दर वेळी तो बघायचा आणि लगेच घड्याळ बघायचा, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघणं सोडून दिलं.

एका जागी उतार जरा सौम्य झाला, पण पुढे बर्फ कडक होता. लीडरला पायऱ्या खणायला पुढे जाणं भाग होतं. त्याने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, कशी धरायची दाखवायला लागला. मी म्हटलं, माका ठावक आसा.

नवरा पुढे, पाठ माझ्याकडे. मध्ये दोन हातांची दोरी. तो एक पाऊल टाकायचा आणि दोरी सुटायची, मी सोडायची. किती वर्षांनी. मग तो थांबला. मला वाटलं नेहमीसारखा थांबला. त्याने मागे वळून बघितलं नाही. हात कमरेकडे नेला, दोरी मुठीत धरली, आणि हिसका दिला.

मी दोरी सैल सोडली.

मग दुसरा.

मला कळायला एक क्षण गेला. सव्वीस वर्षांत ज्याने तो दिला नव्हता त्याचा हिसका होता तो, अगदी हलका, जेमतेम. मी धावले. लीडरने मागे वळून बघायच्या आत मी त्याच्या काखेत खांदा घातला होता, आणि या वेळी त्याने मला झटकलं नाही. सगळं वजन टाकलं. मी मोठ्याने रडत होते आणि चालत होते. लीडर दुसऱ्या बाजूला आला. पाण्यातून माणसाला काढायचं तर वर ओढायचं असतं, इथे खाली न्यायचं होतं, एवढाच फरक. पुढचा तासभर आम्ही दोघांनी त्याला जवळजवळ उचलूनच आणलं.

अकरा हजारांवर त्याच्या ओठांचा जांभळा रंग ओसरला. सकाळी खेचरावरून रस्त्यापर्यंत, तिथून गाडीने मनालीच्या इस्पितळात. चौथ्या दिवशी त्याने भात मागितला. मी जवळ्याची चटणी काढली. जेवला. माझ्याशी बोलला तो एवढंच की, तिखट कमी आहे.

गावात आल्यावर जो तो विचारायचा, "काय, शेंड्यार पोचलास?" तो सांगायचा, "नाय. हिना वढून काढल्यान." त्या बोलण्यात राग होता की काय होतं, ते मला पावसाळाभर कळलं नाही. मी विचारलंही नाही. शपथ मोडणारीने विचारायचं तरी काय?

पावसाळा सरला, होड्या पाण्यात गेल्या. एका सकाळी पडवीत त्याची खुर्ची रिकामी. मी किनाऱ्यावर गेले. तरण्या पोरांची होडी खडकाजवळ उभी होती आणि कडेवर हा बसला होता, मुठीत दोरी. खाली एक पोरगा नांगर सोडवायला गेलेला. मी वाळूत उभी राहून सवयीने मनात आकडे मोजायला लागले. माझे निम्मेही झाले नव्हते, तोवर त्याने दोरी ओढली. पोरगा वर आला आणि पाण्यातूनच त्याच्यावर ओरडला, "काकानु, आजून अर्दो दम होतो माझ्याकडे!"

"आसूदे," नवरा म्हणाला. "तो घराक घेवन जा."